बीड जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत जीवशास्त्र : एका अभ्यासविषयाची घडण

शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्थांची स्थापना, शाळांची संख्या, शासनाची धोरणे व पुढाऱ्यांचे कर्तृत्व ह्यांची नोंद बहुधा काळजीपूर्वक घेतली जाते. वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले जाई आणि ते कोणत्या शब्दांत शिकविले जाई, ह्या प्रश्नाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वस्तुतः एखाद्या प्रदेशाच्या बौद्धिक जीवनात झालेले पालट जितक्या स्पष्टपणे एका अभ्यासविषयाच्या घडणीत उमटतात, तितके ते शासकीय अहवालांत उमटत नाहीत. जीवशास्त्र हा असा एक विषय होय. सजीव कशास म्हणावे, त्याचे शरीर कशाचे बनलेले असते, तो अन्न कसे मिळवितो, श्वास कसा घेतो, आपल्यासारखा दुसरा जीव कसा निर्माण करतो आणि पिढ्यान्‌पिढ्या कसा बदलत जातो, एवढ्या प्रश्नांची प्राथमिक उत्तरे माध्यमिक शाळेतील मुलास मिळावीत, हा ह्या विषयाचा हेतू. बीड जिल्ह्यात ही उत्तरे देणारी शास्त्रीय भाषा एका शतकाच्या आत तीनदा पालटली. भाषा पालटली तेव्हा विषयही विद्यार्थ्याच्या जवळ आला की नाही, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. विषयाची उत्पत्ती

वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र ही शास्त्रे जुनी. परंतु ‘जीवशास्त्र’ ह्या एकाच नावाखाली दोहोंचे एकत्र अध्यापन करण्याची प्रथा त्या मानाने अर्वाचीन आहे. श्लायडेन व श्वान ह्यांनी १८३८-३९ मध्ये पेशीसिद्धांत मांडला आणि वनस्पती व प्राणी ह्यांच्या रचनेचे मूळ घटक एकाच प्रकारचे आहेत, हे त्यामुळे ध्यानात आले. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर ह्या ऐक्याला वंशपरंपरेचे स्पष्टीकरण मिळाले. ह्या दोन विचारांच्या आधारावर इंग्लंडमध्ये टॉमस हेन्री हक्सली ह्याने शिक्षकांसाठी प्रात्यक्षिक वर्ग चालविले आणि हेन्री न्यूएल मार्टिन ह्याच्या साहाय्याने १८७५ साली प्रारंभिक जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक पुस्तक प्रसिद्ध केले. किण्वापासून आरंभ करून अमीबा, बुरशी, नेचा, घेवडा, हायड्रा अशा पायऱ्यांनी बेडकापर्यंत जावे, प्रत्येक पायरीवर एकेक प्रातिनिधिक जीव घेऊन त्याचे निरीक्षण करावे, अशी त्या पुस्तकाची योजना होती. ‘प्रातिनिधिक जीवांची पद्धती’ म्हणून जी पुढे रूढ झाली ती हीच.

भारतातील महाविद्यालयांत ही पद्धती इंग्रजी पुस्तकांबरोबर आली. ज्या जीवांची वर्णने पुस्तकात असत ते इकडच्या तळ्यांत व शेतांत आढळत नसत, ही तिची पहिली अडचण होती. लखनौचे प्राध्यापक क. ना. बहल ह्यांनी भारतीय प्राण्यांवरील ग्रंथमाला हाती घेऊन १९२६ साली भारतीय गांडुळावरील प्रबंध प्रसिद्ध केला, तो ही अडचण दूर करण्यासाठीच. विद्यार्थ्याच्या पायाखालच्या मातीतील गांडूळ परदेशी गांडुळाहून भिन्न आहे, एवढी साधी गोष्ट पाठ्यपुस्तकात येण्यास हक्सलीच्या पुस्तकानंतर अर्धे शतक लोटले. ‘परक्या उदाहरणावरून शिकलेले जीवशास्त्र’ हा दोष बीडसारख्या आडवळणाच्या जिल्ह्यात त्याहूनही अधिक काळ टिकून राहिला.

२. निजामी राजवटीतील भाषाव्यवस्था

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. बालाघाटच्या डोंगररांगांनी विभागलेला, उत्तरेस गोदावरीच्या काठाने संपणारा व पश्चिमेस अहमदनगर ह्या तत्कालीन ब्रिटिश जिल्ह्यास भिडणारा हा मुलूख भाषेने मराठी होता. तथापि संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उर्दू ही उच्च शिक्षणाचे माध्यम ठरली. इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून राहिली. परंतु गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक इत्यादी विषय उर्दूतून शिकविण्याचा निश्चय झाला. एखाद्या भारतीय भाषेतून विद्यापीठीय शास्त्रशिक्षण देण्याचा हा त्या काळातील सर्वांत मोठा प्रयोग होता, हे मान्य करावयास हवे.

ह्या प्रयोगासाठी १९१७ साली ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतरखाते स्थापन करण्यात आले. त्याच्या प्रारंभीच्या कार्याशी मौलवी अब्दुल हक ह्यांचा निकटचा संबंध होता. त्यांच्या चिटणीसपदाच्या काळात ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ ह्या संस्थेचे केंद्र औरंगाबाद येथे होते. म्हणजे आधुनिक शास्त्रासाठी उर्दू परिभाषा घडविण्याचे जे कार्य चालले, त्याचे एक महत्त्वाचे ठाणे मराठवाड्यातच होते. वहिदुद्दीन सलीम ह्यांचा परिभाषानिर्मितीवरील ग्रंथ १९२१ साली आणि अंजुमनने सिद्ध केलेला शास्त्रीय संज्ञांचा कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२८ साली अंजुमनने शास्त्रविषयास वाहिलेले ‘साइंस’ हे उर्दू नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी पुणे येथे ‘सृष्टिज्ञान’ हे मराठी मासिक निघाले. एकाच वर्षी दोन भाषांनी एकच कार्य हाती घ्यावे आणि त्यांचे वाचक शेजारच्या जिल्ह्यांत असूनही परस्परांस अपरिचित राहावेत, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नाही. आष्टी तालुक्याच्या सीमेपलीकडे अहमदनगर जिल्ह्यातील शाळेत मराठी शास्त्रवाचन शक्य होते. सीमेच्या अलीकडे शास्त्राचा उच्च मार्ग उर्दूतून जात होता.

ह्या व्यवस्थेचा परिणाम स्पष्ट होता. प्राथमिक वर्गात मातृभाषा असली, तरी वरच्या वर्गांत व विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या मराठी मुलाला शास्त्रातील संकल्पना आणि त्या व्यक्त करणारी भाषा, अशी दोन्ही ओझी एकदम उचलावी लागत. संस्थानातील खाजगी राष्ट्रीय शाळांचा उदय ह्या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेतून १९३५ साली अंबाजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी नूतन विद्यालय हे बीड जिल्ह्यातील जागृतीचे केंद्र बनले. निजामी दप्तरात ‘मोमिनाबाद’ म्हणून नोंदलेल्या ह्या गावी मुकुंदराजांची समाधी आहे व दासोपंतांची पासोडी जतन केलेली आहे. मराठी ग्रंथपरंपरा तेथे नवी नव्हती. नवे होते ते मराठी समाजाने आपले शिक्षण आपल्या हाती घेण्याचा निर्धार. ह्या शाळांचा भर स्वाभाविकपणेच भाषा, इतिहास व राष्ट्रभावना ह्यांवर होता. परंतु शास्त्र मातृभाषेत मागण्याची भूमिका जिच्यावर उभी राहिली, ती भूमी ह्याच शाळांनी तयार केली.

३. ‘खलिया’ आणि ‘पेशी’

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर उस्मानिया विद्यापीठात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आणि मराठवाड्यातील शाळांत मराठी माध्यम प्रस्थापित होत गेले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बारा वर्षांच्या ह्या अवधीत जीवशास्त्राचा कोश अक्षरशः उलटापालटा झाला.

उर्दू परिभाषेत जीवशास्त्र म्हणजे ‘हयातियात’, वनस्पतिशास्त्र ‘नबातियात’ व प्राणिशास्त्र ‘हैवानियात’. पेशीस ‘खलिया’, श्वसनास ‘तनफ्फुस’, उत्क्रांतीस ‘इर्तिका’ व सूक्ष्मदर्शकास ‘खुर्दबीन’ अशा संज्ञा होत्या. अरबी धातूंपासून साधलेली ही घडण सुसंगत होती. मराठीने आपली परिभाषा संस्कृतातून साधली. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे ह्यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ योगायोगाने संस्थानाच्या विलीनीकरणाच्या वर्षीच, म्हणजे १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन होऊन परिभाषेच्या कार्यास शासकीय अधिष्ठान मिळाले.

काही संज्ञांचा प्रवास उद्‌बोधक आहे. दूरचे दाखविणारे यंत्र म्हणून ‘दूरबीन’ हा फारसी शब्द मराठीने पूर्वीच ‘दुर्बीण’ असा पचवून टाकला होता. बारीक दाखविणाऱ्या यंत्रासाठी ‘खुर्दबीन’ हा त्याचाच सख्खा भाऊ उपलब्ध असताना मराठीने ‘सूक्ष्मदर्शक’ पत्करले. ‘पेशी’ ह्या शब्दाची कथा त्याहून गुंतागुंतीची आहे. आयुर्वेदात ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी. हिंदीने तो अर्थ कायम ठेवून सजीवाच्या मूलघटकास ‘कोशिका’ म्हटले. मराठीने मूलघटकास ‘पेशी’ म्हटले आणि मांसाच्या आकुंचनशील भागास ‘स्नायू’ हे नाव दिले. जुन्या वैद्यकात मात्र ‘स्नायु’ म्हणजे सांधे बांधणारा तंतू होता. उर्दू दप्तराची सवय असलेल्या माणसाला तर ‘पेशी’ म्हटल्यावर न्यायालयातील हजेरीच आठवणार. कारण फारसीतून आलेला त्याच उच्चाराचा शब्द त्या अर्थी रूढ होता. निजामी अमदानीत कोर्टाची पायरी चढलेल्या बापाच्या मुलाने शाळेत ‘सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते’ हे वाक्य पाठ करावे, ह्यात त्या संक्रमणकाळाचे सारे चित्र साठविलेले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘खलिया’ हा शब्द मराठी मुलाला परका होता, तसा ‘प्रकाशसंश्लेषण’ किंवा ‘आनुवंशिकता’ हा शब्दही त्याच्या घरात कोणी उच्चारीत नव्हते. फरक एवढाच की, संस्कृत घडणीच्या शब्दाचे अवयव त्याला ओळखीचे वाटत व शिक्षक त्यांची फोड करून सांगू शके. हा फरक लहान नाही. परंतु त्याने अंतर मिटत नाही. कारण जिल्ह्यातील शेतकऱ्याजवळ सजीवसृष्टीची स्वतःची एक परिभाषा होती आणि कोणत्याही कोशकाराने तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही. ज्वारी पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते, दाण्यात चीक भरतो, मग हुरडा होतो व शेवटी कणीस पक्व होते. वनस्पतीच्या वाढीच्या अवस्थांचे इतके काटेकोर विवरण शाळेतील पुस्तकात मिळत नसे. कपाशीला प्रथम पाते लागते, पात्याचे फूल होते, फुलाचे बोंड व बोंडात सरकी. फूल, फळ व बीज ह्यांचा संबंध ह्या चार शब्दांत सामावलेला आहे. ज्वारीवरील काणी, गव्हावरील तांबेरा, मावा, चिकटा ही रोगांची व किडींची नावे प्रत्येक घरात होती. परजीवी वनस्पतीचे उदाहरण म्हणून पुस्तकात अमरवेल येई. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला मात्र शेतातच राही. भाषा मराठी झाली, पण उदाहरणे शिवारातली झाली नाहीत, असा ह्या पर्वाचा निष्कर्ष काढता येतो.

४. सामान्य विज्ञानाकडून समान पाठ्यपुस्तकाकडे

स्वातंत्र्योत्तर काळात शास्त्रविषयाचे शाळेतील स्थान पालटले. अ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली सामान्य विज्ञान हा विषय सर्व विद्यार्थ्यांच्या मूलभूत अभ्यासात घालावा अशी शिफारस केली. १९५६ च्या तारादेवी येथील अखिल भारतीय परिसंवादात माध्यमिक शाळांतील विज्ञानाच्या अध्यापनाचा विचार झाला. दौलतसिंग कोठारी ह्यांच्या शिक्षण आयोगाने (१९६४-६६) पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सक्तीचे असावे असे सांगितले आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते स्वीकारले. ह्याच सुमारास अमेरिकेत १९५८ साली सुरू झालेल्या जीवशास्त्र अभ्यासक्रम-सुधारणेचे पडसाद भारतात उमटले. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी ह्यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने उच्च माध्यमिक शाळांसाठी जीवशास्त्राचे पुस्तक तयार करविले. निव्वळ वर्गीकरण व शरीररचना ह्यांऐवजी पेशी, आनुवंशिकता, उत्क्रांती व परिस्थितिविज्ञान ह्या सर्व सजीवांस व्यापणाऱ्या कल्पनांना त्यात मध्यवर्ती स्थान मिळाले.

महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षणाची व्यवस्था एका मंडळाखाली आली व १ जानेवारी १९६६ पासून मंडळाचे काम सुरू झाले. १९६७ साली पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाली. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा ह्या भिन्न राज्यांतून आलेल्या तीन विभागांना समान अभ्यासक्रमाच्या चौकटीत आणणारी ही घटना होती. दहा वर्षांच्या शालेय आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. विज्ञान ऐच्छिक न राहता सर्वांस अनिवार्य झाल्यामुळे पाटोद्याच्या व गेवराईच्या मुलीनेही पेशीची आकृती काढणे क्रमप्राप्त झाले. एका पिढीपूर्वी जे ज्ञान उर्दू जाणणाऱ्या मोजक्या मुलांपुरते होते, ते आता हक्काने सर्वांचे झाले. ह्या घटनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. १९७४ साली अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा शालेय जीवशास्त्राची एक वाट जिल्ह्यातच वैद्यकापर्यंत पोचली.

परंतु त्या वाटेवर तिसरी भाषा उभी होती. अकरावीच्या विज्ञानशाखेत अध्यापन इंग्रजीतून होई. दहावीपर्यंत ‘पेशी’, ‘केंद्रक’ व ‘गुणसूत्र’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास एका उन्हाळ्याच्या सुटीत ‘सेल’, ‘न्यूक्लियस’ व ‘क्रोमोसोम’ म्हणावयास शिकावे लागे. पुढे ‘सेमी-इंग्रजी’ वर्गांची प्रथा वाढली व हे स्थित्यंतर मराठी शाळेच्या आतच येऊन ठेपले. आजोबांचा ‘खलिया’, वडिलांची ‘पेशी’ व नातवाचा ‘सेल’ अशा तीन संज्ञा एकाच घराण्यात नांदाव्यात, ही स्थिती तीन पिढ्यांत निर्माण झाली. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येऊ लागली, हे खरे. परंतु त्यामुळे मधल्या दोन वर्षांच्या अध्यापनाची भाषा पालटली नाही.

५. पाठ आणि जिल्हा : चार उदाहरणे

अभ्यासक्रमाचे मूल्य केवळ त्याच्या अनुक्रमणिकेवरून ठरत नाही. तो ज्या समाजात शिकविला जातो, त्या समाजाच्या जीवनमरणाच्या प्रश्नांस तो कोठे स्पर्श करतो, हे पाहिले पाहिजे. बीड जिल्ह्यापुरती चार उदाहरणे घेता येतील.

पहिले उदाहरण परजीवींचे. शालेय जीवशास्त्रात हिवतापाच्या जंतूचे जीवनचक्र दीर्घकाळ शिकविले गेले. रोनाल्ड रॉस ह्याला डासाच्या जठरात हा जंतू २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे आढळला. ती छावणी ब्रिटिशांची असली तरी निजामाच्या मुलखात होती. म्हणजे बीड ज्या संस्थानात होते, त्याच संस्थानाच्या भूमीवर हा शोध लागला. तसेच नारूचे. नारूचा अळीरूप जंतू पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म प्राण्यात वाढतो, हे रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेडचेंको ह्याने १८७० साली दाखविले. ज्या पायविहिरीत माणसे पायऱ्यांनी पाण्यात उतरत, तीच नारूच्या प्रसाराची जागा होती. दख्खनच्या कोरड्या प्रदेशात नारूने पिढ्यान्‌पिढ्या माणसे अंथरुणास खिळविली. भारतात १९८३-८४ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत पाणी कापडातून गाळणे, पायविहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर करणे व पाण्यात औषध टाकणे हे उपाय झाले. १९९६ साली देशातील शेवटचा रुग्ण राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ह्या यशाचे श्रेय शाळेस देता येणार नाही. तथापि जीवनचक्राची एक कडी तोडली की साखळी तुटते, हे पाठातील तत्त्व व्यवहारात खरे ठरल्याचे ह्याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल. औषध वा लस नसताना केवळ जीवशास्त्रीय ज्ञानाच्या बळावर एक रोग देशातून हद्दपार झाला.

दुसरे उदाहरण लिंगनिश्चितीचे. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते, ही गोष्ट १९०५ साली नेटी स्टीव्हन्स व विल्सन ह्यांच्या संशोधनातून पुढे आली. ती शालेय पुस्तकांत यथाकाल समाविष्ट झाली आणि जिल्ह्यातील लक्षावधी मुलांनी ती आकृती वहीत उतरविली. मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या समाजात एवढे एक वाक्य क्रांतिकारक ठरावयास हवे होते. प्रत्यक्षात सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ होते, ते २०११ साली ८०७ वर आले. हे राज्यातील सर्वांत कमी प्रमाण होते. गर्भलिंगपरीक्षेवर महाराष्ट्राने १९८८ साली व केंद्राने १९९४ साली कायदा केला होता, तरीही हे घडले. एकाच शास्त्राने समाजास दोन वस्तू दिल्या : एक वाक्य व एक यंत्र. यंत्र गावोगाव पोचले. वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच थांबले. मुलगाच हवा ही इच्छा अज्ञानातून नव्हे, तर हुंडा, जमीन व वारसा ह्यांच्या व्यवस्थेतून जन्मास येते. म्हणून केवळ ज्ञान देऊन ती नष्ट होत नाही, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो योग्यच आहे. परंतु त्यावरून ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. ते एकाकी पडले, एवढेच सिद्ध होते.

तिसरे उदाहरण जननसंस्थेचे. ज्या घरात गाय माजावर येणे, गाभण राहणे व विणे ह्यांची चर्चा अंगणात मोकळेपणाने चालते, त्या घरातील मुलास मानवी प्रजननाचा पाठ मात्र घाईने वाचून दाखविला जाई, किंवा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला जाई. २००७ साली किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात विरोधामुळे थांबविण्यात आला. ह्या मौनाचे मोल कोणी दिले, ते जिल्ह्यातील ऊसतोडीच्या व्यवसायात दिसते. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे टोळीने पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. नवरा-बायकोचे जोडपे मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो व खाड्याचा दिवस पैशात कापला जातो. ह्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे उघडकीस आल्यावर राज्यशासनाने २०१९ साली चौकशीसमिती नेमली. जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. गर्भाशय हा अवयव पाठ्यपुस्तकात नामनिर्देशित आकृती म्हणून येतो. तो कशासाठी असतो, मासिक पाळी हा रोग का नव्हे आणि तरुण वयात अंडाशयासह तो काढल्यास शरीरातील संप्रेरकांचे काय होते, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्यांना सर्वांत अधिक हवी होती, त्यांच्यातील पुष्कळ मुलींचे दुसरे सत्र उसाच्या फडात गेले होते. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे ह्यांचे प्रयत्न झाले. तथापि शाळेचे वर्ष आणि उसाचा हंगाम ह्यांतील विरोध कायम राहिला.

चौथे उदाहरण उत्क्रांतीचे. ही कल्पना विद्यार्थ्यास बहुधा जिराफाची मान व माकडाचे चित्र ह्यांच्या द्वारे भेटते. दोन्ही उदाहरणे त्याच्या अनुभवाबाहेरची. प्रत्यक्षात नैसर्गिक निवडीचा एक पूर्ण प्रयोग गेवराई व माजलगावच्या कपाशीच्या रानांत त्याच्या डोळ्यांदेखत घडला. बोंडअळीस मारक ठरणारे जीवाणूचे जनुक असलेल्या बीटी कापसास २००२ साली भारतात परवानगी मिळाली. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. पहिल्या वाणास गुलाबी बोंडअळी जुमानीनाशी झाल्याचे गुजरातेतील निरीक्षणांवरून २०१० पर्यंत मान्य झाले आणि काही वर्षांत दुसऱ्याचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भ ह्या विभागांतील कपाशीची बोंडे मोठ्या प्रमाणावर किडली. अळ्यांच्या समूहात प्रथमपासूनच थोड्या प्रतिकारक्षम अळ्या होत्या. विषाने बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, त्यांचीच संतती वाढली. शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, असे बियाण्याबरोबर सांगितले जाई. त्या ओळींत वाढलेल्या संवेदनक्षम पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर होऊन प्रतिकार विरळ राहावा, हा त्यामागील हेतू. परंतु हेतू न कळल्यामुळे त्या ओळी म्हणजे जमिनीचा अपव्यय वाटला व बहुतेकांनी त्या टाळल्या. उत्क्रांतीचा सिद्धांत न समजणे ही केवळ तात्त्विक उणीव नसून तिची किंमत क्विंटलांत मोजता येते, हे ह्यावरून दिसते. महाराष्ट्राच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ होता. २०२३ साली राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा देशातील शास्त्रज्ञांनी त्यास जाहीर विरोध केला. त्या वादात शिक्षणतत्त्वांची चर्चा पुष्कळ झाली. कपाशीच्या शेतकऱ्याचा उल्लेख मात्र क्वचितच झाला.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. उर्दूकडून मराठीकडे झालेला पालट हा बीड जिल्ह्यातील शास्त्रशिक्षणाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. त्यावाचून हा विषय सर्वांचा होणे शक्य नव्हते. अरबी वा संस्कृत, कोणत्याही घडणीची परिभाषा शिकून घेता येते, परंतु शिक्षकास तिची फोड मातृभाषेत करता येणे ही पूर्वअट आहे. उस्मानियाच्या प्रयोगात विद्वत्ता होती, परिश्रम होते. मराठी मुलाचे घर मात्र त्यात नव्हते. आज इंग्रजीकडे जे स्थित्यंतर चालले आहे, त्याचे परीक्षण करताना हा जुना अनुभव विसरता कामा नये.

त्याचबरोबर केवळ माध्यम पालटून काम भागत नाही, हेही तितकेच खरे. बहल ह्यांनी परदेशी गांडुळाच्या जागी देशी गांडूळ आणले, त्या कार्याची पुढील पायरी जिल्ह्याच्या पातळीवर गाठली गेली नाही. टारफुला, काणी, सीताफळाचे संघफळ, नायगावच्या अभयारण्यातील मोर, देवणी गाय आणि बोंडअळी ही सामग्री जिल्ह्यात विपुल असताना पाठ परक्या उदाहरणांवर चालत राहिला. जेथे पाठ आणि जीवन ह्यांची गाठ पडली, तेथे, नारूच्या बाबतीत दिसले त्याप्रमाणे, ज्ञान समर्थ ठरले. जेथे ती पडली नाही, तेथे तेच ज्ञान वहीत बंद राहिले आणि त्याचे मोल मुलींनी, ऊसतोड स्त्रियांनी व कापूस पिकविणाऱ्यांनी दिले.

सजीवाचे पहिले लक्षण म्हणून शाळेत ‘परिसराला प्रतिसाद देणे’ हे सांगितले जाते. अभ्यासविषयासही हे लक्षण लावून पाहिले, तर बीड जिल्ह्यातील जीवशास्त्राचा इतिहास अद्याप अपुरा आहे असेच म्हणावे लागते. त्याचा शब्दकोश तीन वेळा पालटला. त्याने परिसरास दिलेला प्रतिसाद मात्र मंद राहिला. ही मंदता दूर करण्याचे साधन शब्दांइतकेच शिवारात आहे, आणि ते तेथे फार पूर्वीपासून, पोटरी, पाते आणि हुरडा ह्या नावांनी, नोंदलेले आहे.